गच्चीवरचे सहा खांब: गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एका सौर जोडणीचे प्रकरण

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काकींचा फोन आला. "पंचायतीचा माणूस फाटकावर कागद चिकटवून गेला. सूर्यघर योजना बंद झाली की काय रे?"

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवायला अनुदान देणारी ही योजना बंद झाली नव्हती. संध्याकाळी जाऊन बघितले तर कागदावर काम थांबवण्याचा आदेश होता आणि सात दिवसांत खुलासा मागितला होता. गच्चीवर गेलो. स्लॅबमध्ये बोल्ट ठोकून सहा लोखंडी खांब उभे केले होते, पुढचे नऊ फूट, मागचे अकरा. पॅनेल अजून आले नव्हते. दोन कोपऱ्यांत मात्र रंगीत पत्र्याच्या थप्प्या येऊन पडल्या होत्या. पत्रे बघितल्यावरच मला नोटिशीचे कारण कळले.

मी वीजकामाचा परवानाधारक कंत्राटदार आहे. या भागातली बरीच घरे मी वायरिंग करताना आतून पाहिली आहेत. छपरावर सौर पॅनेल बसवण्यात अडचण येते ती बहुतेक वेळा घराच्या कागदांत किंवा घराच्या आकारात असते, विजेत क्वचितच. काकींच्या प्रकरणात दोन्हीकडे होती. म्हणून ते तपशिलात लिहून ठेवतो आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव घेत नाही.

घर आणि त्याचे कागद

घराचा पुढचा भाग जुना, चिऱ्यांच्या भिंती आणि मंगळुरी कौले. मागे काकांनी हयातीत स्लॅबच्या दोन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची बांधली. त्या बांधकामाची परवानगी होती आणि पंचायतीच्या दप्तरात सापडलीही. हे नशीब. अनेक घरांत मागचा भाग कुठल्याच कागदावर नसतो, आणि मग छपरावर काय बसवायचे या प्रश्नाआधी छपरालाच उत्तर द्यावे लागते.

काका सहा वर्षांपूर्वी गेले. घरपट्टी त्यांच्याच नावाने येत होती. वीजबिल त्यांच्याही आधीचे, म्हणजे काकींच्या सासऱ्यांच्या नावाने. सासरे जाऊन तीस वर्षे होत आली, बिल वेळेवर भरले जात होते, त्यामुळे नाव बदलायचे कुणाला सुचले नाही. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरही सासऱ्यांचेच नाव. त्यांची तीन मुले: काका, डोंबिवलीला असलेले धाकटे दीर, आणि फोंड्याला दिलेली नणंद. वाटणी कधी झाली नाही, भांडणही नाही. घरात राहतात काकी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात.

बिल महिन्याला तीनशे युनिटच्या पुढे जाई. केंद्राची प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन किंवा त्याहून अधिक असेल तर ७८,००० रुपये अनुदान, हा हिशेब गावोगाव पोचला. तीन किलोवॅटचा संच गोव्याच्या उन्हात वर्षभराची सरासरी धरली तर महिन्याला तीनशे ते साडेतीनशे युनिट देतो. काकींच्या मुलाने हे गणित बरोबर केले होते. चूक पुढे झाली.

पुरवठादार घरी आला तेव्हा पोरांच्या खोलीत स्लॅब गळतो हे त्याने पाहिले. त्याने सुचवले की पत्र्याची वेगळी शेड कशाला, पॅनेल उंचावर बसवू, फटी पत्र्याने बंद करू, गळती थांबेल आणि खाली आमसुले वाळवायला, कपडे वाळत घालायला जागा होईल. पंचायतीचे विचारल्यावर म्हणाला, "केंद्राची योजना आहे, पंचायतीचा संबंध नाही." चाळीस हजार आगाऊ घेतले आणि आठवड्यात खांब उभे केले.

गोव्यात गळक्या स्लॅबवर पत्रा घालण्याचा मोह मला समजतो. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात सपाट गच्ची बांधली की दहा-बारा वर्षांत हा प्रश्न येतोच. मला राग आला तो त्या एका वाक्याचा. अनुदान केंद्राचे, वीजजोडणी राज्याच्या वीज खात्याची, आणि त्या घरावर काय उभे राहते ते पाहणे पंचायतीचे. एकाकडून परवानगी मिळाली म्हणून दुसऱ्याचा अधिकार संपत नाही.

पंचायतीचे म्हणणे

तक्रार पश्चिमेच्या शेजाऱ्याने केली होती. काकींच्या घरात याचा फार राग. "आमच्या घरावर वीज तयार झाली तर त्याचे काय जाते?" असे सून म्हणाली. मी शेजाऱ्याला भेटलो. त्याची तक्रार विजेबद्दल नव्हतीच. गच्चीची पश्चिमेकडची पन्हळ वर्षानुवर्षे त्याच्या अंगणात पडते, त्यावर आता उतरते छप्पर आले तर सगळे पाणी एकवटून त्याच्या पायरीवर येणार, आणि अकरा फुटांच्या आडोशाने स्वयंपाकघरातला उजेड जाणार. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी स्वतः उभा राहून उतार पाहिला.

गोवा पंचायत राज कायदा १९९४ च्या कलम ६६ प्रमाणे पंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय इमारत उभारता येत नाही, असलेल्या इमारतीत बदल करता येत नाही, भर घालता येत नाही. सचिवांनी नोटिशीत याच कलमाचा आधार घेतला होता. त्यांच्या पाहणीत लिहिले होते: गच्चीवर लोखंडी खांबांचे छप्पर, उंची सुमारे अकरा फूट. सौर हा शब्दही नव्हता, कारण त्यांना सौर काही दिसलेच नाही. पॅनेल आलेले नव्हते.

कायद्यातल्या या कलमाकडे मी असा बघतो. असलेल्या स्लॅबवर गुडघाभर उंचीत पॅनेल मांडले तर घराला नवी भिंत येत नाही, नवा मजला येत नाही, डोक्यावर छप्पर असलेली नवी जागा तयार होत नाही. ती घराला लावलेली यंत्रसामग्री आहे, पाण्याच्या टाकीसारखी. तेच पॅनेल माणूस उभा राहील एवढ्या उंचीवर नेऊन फटी पत्र्याने बुजवल्या की खाली वापरायची जागा तयार होते. मग ते छप्पर आहे, वर पॅनेल असो वा पत्रा. त्याची उंची, सीमेपासूनचे अंतर, पाण्याचा निचरा हे सगळे २०१० च्या गोवा जमीन विकास व बांधकाम विनियमांच्या चौकटीत येते, आणि त्यासाठी अभियंत्याचा नकाशा जोडून रीतसर अर्ज करावा लागतो. पंचायतीने तीस दिवसांत निर्णय कळवला नाही तर पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येते. आधी उभारून मागून विचारणाऱ्याच्या बाजूने यातले काहीच उभे राहत नाही.

सरपंचांना भेटायला मी आणि काकींचा मुलगा गेलो. सरपंच शांतपणे म्हणाल्या, "बाबांनो, आज तुम्ही पॅनेलचा मांडव घालाल. पुढच्या वर्षी त्याला बाजूने पत्रे लागतील, त्याच्या पुढच्या वर्षी विटा. गावात तीन मजले असेच झालेत. सगळ्यांनी सौर म्हणून मांडव घातले तर मी कुणाला थांबवू?" मला यावर बोलायला काही नव्हते. त्या म्हणत होत्या तशी तीन घरे मी ओळखतो, त्यांतल्या दोघांची वायरिंग मीच केली आहे.

खुलासा आम्ही सहाव्या दिवशी दिला. त्यात दोन भाग वेगळे केले. पहिला: उंच सांगाड्याचे काम थांबवले आहे, खांब काढून टाकतो. दुसरा: सौर पॅनेल असलेल्या स्लॅबवर कमी उंचीत बसवणार आहोत, वरची कड कठड्याच्या वर जाणार नाही, पत्रा लावणार नाही, बाजू बंद करणार नाही. सोबत साधी आकृती आणि मापे. काकींच्या मुलाला हे माघार घेतल्यासारखे वाटले. मी त्याला सांगितले की वर्षभर अपिलात घालवायचे असेल तर हरकत नाही, पण वीज हवी असेल तर हे लिही.

पंचायत मंडळाच्या बैठकीत ठराव झाला. कमी उंचीच्या पॅनेलना हरकत नाही, पत्रा लावू नये, आणि गच्चीचे सगळे पाणी स्वतःच्या हद्दीत उतरवावे. ही शेवटची अट पॅनेलपेक्षा जुन्या पन्हळीबद्दल होती. ती घातली गेली याचा मला आनंद आहे. शेजाऱ्याची वीस वर्षांची कुरकुर पहिल्यांदा कागदावर आली.

वारा, स्लॅब आणि माड

उंच सांगाडा नको म्हणायला माझे स्वतःचे कारणही होते. भारतीय मानक ८७५ च्या वाऱ्याच्या भागात पणजीसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मे २०२१ मधले तौक्ते वादळ आम्ही सगळ्यांनी बघितले आहे. उतरत्या पॅनेलखाली वारा शिरला की तो पॅनेलला वर उचलतो. अकरा फुटांवरच्या सहा पॅनेलचा तो ओढा खांबांतून खाली चार-चार बोल्टवर येणार, आणि ते बोल्ट ठोकले होते आधीच गळणाऱ्या स्लॅबमध्ये. पुरवठादाराकडे सांगाड्याची कसलीही आकडेमोड नव्हती. खांब काढले तेव्हा दोन ठिकाणी बोल्टच्या भोकातून सळी दिसत होती, गंजलेली.

भोके खरवडून, सळीला गंजरोधक लावून भरली. गळतीसाठी जलरोधक लेप दिला, त्याचा वेगळा खर्च झाला. पॅनेल सिमेंट ठोकळ्यांवर गॅल्व्हनाईज्ड सांगाड्यात बसवले, ठोकळ्यांचे वजन वाऱ्याच्या हिशेबाने घेतले, कड्यांना एकमेकांशी बांधले. साडेपाचशे वॅटचे सहा पॅनेल, प्रत्येकी अठ्ठावीस किलोच्या आसपास. पॅनेलचे ओझे चौरस मीटरला अकरा किलो भरते, ते स्लॅबला फार नाही. ठोकळे कुठे ठेवायचे यावर विचार करावा लागतो. ते तुळईच्या रेषेवर घेतले.

कमी उंचीची किंमतही मोजावी लागली, ती लपवण्यात अर्थ नाही. दक्षिणेचा कठडा आणि पाण्याची टाकी यांची सावली पॅनेलवर येत होती. टाकी उत्तरेला हलवली, नळ बदलले. नैर्ऋत्येला शेजाऱ्याचा माड आहे, त्याची झावळी दुपारी तीननंतर शेवटच्या दोन पॅनेलवर येते. माड तोडायचा विषय आम्ही काढला नाही, आधीच पाण्यावरून तणाव होता. ते दोन पॅनेल पूर्वेकडे सरकवून रांगेत अंतर वाढवले. वर्षाकाठी थोडे युनिट कमी मिळतील. मला हा सौदा मान्य आहे.

अर्थिंगचे मात्र इथे लिहितो, कारण ते बहुतेक ठिकाणी कागदावरच होते. पॅनेलच्या बाजूचे, घरच्या विजेच्या बाजूचे आणि वीजरोधकाचे (आकाशातून पडणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांड्याचे) असे तीन वेगळे खड्डे लागतात. आमची जमीन जांभ्याची. पावसात अर्थिंग उत्तम दिसते आणि एप्रिल-मेमध्ये खडक कोरडा पडला की रोध वाढतो. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करावी. काकींकडे खड्डे विहिरीकडच्या ओलसर बाजूला घेतले.

चतुर्थी आणि सह्या

कागदांचा भाग सर्वांत जास्त वेळ खाऊन गेला. योजनेचा अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो, आणि अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात येते. पुरवठादाराने सासऱ्यांच्या नावाच्या ग्राहक क्रमांकावर काकींचा मोबाईल घालून नोंदणी केली होती. तीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या नावाने नेट मीटरचा (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरचा) करार कोण करणार आणि पैसे कुठल्या खात्यात येणार, हे त्याने विचारले नव्हते. जोडणी आधी काकींच्या नावावर आणणे भाग होते.

गोव्यात हे बाहेरच्या माणसाला वाटते तितके सरळ नाही. इथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली पद्धत आहे. लग्नानंतर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक धरली जाते, म्हणून वारसाच्या कागदावर वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही घेतली जाते. वारसांची नोंद विशेष नोटरीकडच्या वारसा दस्ताने होते. त्यासाठी २०१२ चा गोव्याचा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायदा आहे, तो २०१६ पासून लागू झाला. काकींच्या बाबतीत म्हणजे दीर, जाऊ, नणंद आणि नणंदेचे यजमान, एवढ्यांची संमती.

नणंद लगेच तयार झाल्या. दीर फोनवर तयार होईनात. "सही केली की माझा हिस्सा गेला, हे मला कुणी सांगायला नको," असे म्हणाले. माणूस वाईट नव्हता. डोंबिवलीत बसून गावच्या घराचा एवढाच धागा हातात असतो, तो सुटू नये असे कुणालाही वाटेल. जून-जुलै असाच गेला.

चतुर्थीला सगळे घरी आले. दुसऱ्या दिवशी, आरती झाल्यावर, मी दोन कागद घेऊन गेलो. संमतीपत्रात वेगळे वाक्य घातले होते: ही संमती फक्त वीजजोडणी काकींच्या नावे करण्यापुरती आणि गच्चीवर सौर संच बसवण्यापुरती आहे, घराच्या व जमिनीच्या मालकीहक्कावर आणि भावी वाटणीवर तिचा काही परिणाम होणार नाही. आणखी एक वाक्य दिरांच्या आग्रहाने घातले: वाटणी झाल्यास संच ज्याच्या हिश्शात छप्पर येईल त्याच्याकडे राहील की काकी काढून नेतील, हे सर्वांनी बसून ठरवायचे. हे वाक्य मला आवडले. छप्पर सामाईक असताना वर बसलेली पंचवीस वर्षांची वस्तू कुणाची, हे आधी बोललेले बरे. दीर वाचून म्हणाले, "असे लिहिले असते तर मी मे महिन्यातच सही केली असती." मे महिन्यात असे कुणी लिहिलेच नव्हते.

ऑक्टोबरात जोडणी काकींच्या नावावर झाली. मग जुनी नोंदणी रद्द करून नवा अर्ज केला.

वीजजोडणीचा भाग

हा भाग लवकर सांगून होतो, कारण तो लवकर झाला. गोव्यात वितरण कंपनी नाही, सरकारचे वीज खातेच वितरण करते, आणि नियम संयुक्त वीज नियामक आयोगाचे चालतात. त्यावर केंद्राचे वीज ग्राहक हक्क नियम आहेत. त्यांतल्या २२ फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी न करता मान्यता मिळाली असे धरले जाते. मंजूर भार, म्हणजे घराला मंजूर केलेली विजेची मर्यादा, कमी असेल तर तो तेवढा वाढवून देण्याची जबाबदारी वितरणाकडे आहे. काकींचा भार दोन किलोवॅट होता, त्यामुळे मुलगा घाबरला होता. घाबरण्यासारखे काही नव्हते. काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र दिल्यावर करार, मीटर आणि जोडणी यासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे, आधी ती तीस होती.

पुरवठादार बदलला. नवा नोंदणीकृत यादीतला निवडला, पॅनेल देशी बनावटीचेच घेतले, नाहीतर अनुदान मिळत नाही. पाच वर्षे देखभाल त्याच्यावर आहे, हे करारात वाचून घेतले. जुन्याने चाळीस हजारांतले पंचवीस परत केले, खांब घेऊन गेला. त्याच्याशी पुढे भांडायचे नाही असे काकींनी ठरवले.

डिसेंबरात नेट मीटर बसला. दिवसा जादा झालेली वीज खात्याच्या तारांच्या जाळ्यात जाते, रात्री घेतलेली त्यातून वजा होते. काकींनी पहिल्याच आठवड्यात विचारले की लाईट गेल्यावर आपली चालू का राहत नाही. बॅटरी नसलेला हा संच जाळ्यातली वीज गेली की स्वतःहून बंद होतो, कारण बाहेर खांबावर वायरमन काम करत असेल तर आपल्या घरातली वीज उलटी जाऊन त्याचा जीव जाऊ शकतो. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "मग बंदच असू दे."

दुसऱ्या ठिकाणी हेच प्रकरण वेगळे झाले असते. पालिका हद्दीत पंचायतीऐवजी नगरपालिका किंवा पणजीत महानगरपालिका. पणजीतल्या फोंतेन्हाससारख्या संवर्धन क्षेत्रात रस्त्यावरून दिसणाऱ्या छपराचा विचार वेगळा होतो. किनाऱ्यालगत उंच सांगाडा म्हणजे किनारी व्यवस्थापन प्राधिकरणाचा प्रश्न. इमारतीतल्या फ्लॅटला सामाईक गच्चीसाठी सोसायटीचा ठराव लागतो, आणि सामाईक वापराच्या विजेसाठी अनुदान किलोवॅटला १८,००० रुपये आहे. मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्याच्या, घरात तर भाटकाराचे (जमीनमालकाचे) नाव उताऱ्यावर आणि घरात राहणारा दुसरा, तिथे काकींच्या चार सह्या सोप्या वाटतील. या प्रत्येक ठिकाणी मी तेच तीन प्रश्न घेऊन जातो: छप्पर कुणाच्या नावाचे, वर काय उभे राहणार, आणि पाणी कुठे पडणार. पुरवठादाराला बोलवायचे ते यानंतर.

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला काकींचा फोन आला. गच्चीचे पाणी आम्ही तीन इंची पाइपने आपल्या हद्दीतल्या शोषखड्ड्यात उतरवले होते. पाइपला पाणी झेपत नव्हते आणि कोपऱ्यावरून पुन्हा शेजाऱ्याच्या बाजूला सांडत होते. शेजारी त्याच्या ओट्यावर उभा राहून बघत होता. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबल्यावर चार इंची पाइप टाकला, खड्डा एक फूट खोल केला, आणि बादलीने पाणी ओतून त्याच्यासमोरच तपासले.